रेणू ध्रुवीय की अध्रुवीय? काळे वाटाणे, हीर आणि बाण यांनी ठरवण्याची रीत

सोलकढीसाठी आमसुले पाण्यात टाकली की थोड्याच वेळात पाणी लाल होते. तीच आमसुले खोबरेलात रात्रभर ठेवली तरी तेलाला लाली चढत नाही. हळदीचे उलटे आहे. तेलात ती रंग सोडते, पाण्यात नुसती गढूळ होऊन तळाशी बसते. दोन्हीमागे रेणूची ध्रुवीयता आहे, म्हणजे रेणूचे एक टोक थोडे धन आणि दुसरे थोडे ऋण असणे, आणि ती पाठांतराने नव्हे तर ठरावीक क्रमाने काम करून काढता येते. आधी बंधाचा प्रकार, मग इलेक्ट्रॉनांचा हिशेब, मग आकार आणि शेवटी बंधांची ओढ दाखवणाऱ्या बाणांची बेरीज. अकरावीची मुले बहुधा तिसरी पायरी गाळतात आणि तिथेच उत्तर चुकते, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा आकाराला दिली आहे.

बंध कोणता, हे आधी ठरवा

सहसंयुज बंधातली इलेक्ट्रॉनांची जोडी दोन अणूंमध्ये वाटलेली असते, पण ती वाटणी सारखी असेलच असे नाही. कोणता अणू जोडी किती जोराने स्वतःकडे ओढतो, त्या ओढीला विद्युतऋणता म्हणतात. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये तिचे कोष्टक मांडले. रोजच्या कामाला त्यातले एवढे आकडे पुरतात: हायड्रोजन २.२०, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४, फ्लोरिन ३.९८, क्लोरिन ३.१६, गंधक २.५८, फॉस्फरस २.१९, सोडियम ०.९३, मॅग्नेशियम १.३१.

दोन अणूंच्या आकड्यांची वजाबाकी करा. फरक साधारण ०.४ च्या आत असेल तर बंध जवळजवळ अध्रुवीय धरतात. कार्बन-हायड्रोजनचा फरक ०.३५ आहे, खोबरेलाच्या लांब साखळ्या याच बंधांनी भरलेल्या असतात. फरक त्याहून मोठा पण १.७ पर्यंत असेल तर बंध ध्रुवीय सहसंयुज. ऑक्सिजन-हायड्रोजन १.२४, कार्बन-ऑक्सिजन ०.८९, नायट्रोजन-हायड्रोजन ०.८४. त्याच्या वर बंध आयनिक, म्हणजे भारित अणूंचा (आयनांचा), मानायचा. सोडियम आणि क्लोरिनचा फरक २.२३ आहे. तिथे जोडी वाटली जात नाही, इलेक्ट्रॉन थेट सोडियमकडून क्लोरिनकडे जातो आणि धन व ऋण आयनांचा स्फटिक होतो.

१.७ ची रेघ मात्र दगडावरची नाही. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८ येतो, तरी तो सहसंयुज आहे आणि १९.५ अंश सेल्सिअसला उकळतो. सोडियम हायड्राइडमध्ये फरक फक्त १.२७, तरी तो आयनिक. म्हणून आकड्याबरोबर धातू आणि अधातू ही ओळखही लावा. दोन अधातू असतील तर आधी सहसंयुज धरून चाला.

आयनिक पदार्थाला ‘ध्रुवीय रेणू’ म्हणू नका. मिठाच्या खड्यात वेगळे रेणूच नसतात, एकाआड एक रचलेले आयन असतात. ते सुटे करायला ८०१ अंशांचा वितळबिंदू गाठावा लागतो, नाहीतर पाणी लागते. पाण्याचे रेणू आपले ऋण टोक सोडियमकडे आणि धन टोक क्लोराइडकडे वळवून आयनांना एकेक करून घेरतात. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ असेच मावते. मिठाच्या सत्याग्रहाने १९३० मध्ये गाजलेले शिरोडे असो की उरणची मिठागरे, आगरात पाणी आटले की उरतो तो याच आयनांचा परत रचलेला स्फटिक. त्या जाड्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते, त्याचे मोठे कारण सोबत राहिलेले मॅग्नेशियम क्लोराइड. मॅग्नेशियमच्या लहानशा आयनावर दुप्पट धनभार असतो, त्यामुळे तो हवेतली वाफ ओढून घेतो. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेल्यावर पाझरते, मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागते. जुलैत किनाऱ्यावर आर्द्रता ८० च्या खाली क्वचितच येते, तेव्हा बरणीत ओल दिसणारच.

इलेक्ट्रॉन मोजा

ठिपक्यांची मांडणी गिल्बर्ट ल्यूइस यांनी १९१६ मध्ये दिली, आणि अजून तीच सर्वांत सोपी आहे. कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड शेजारी शेजारी काढा. दोघांचे सूत्र एकाच घडणीचे, वागणे मात्र वेगळे.

कार्बन डायऑक्साइडमध्ये संयुजा (सर्वांत बाहेरच्या कवचातले) इलेक्ट्रॉन ४ + ६ + ६ = १६. मध्ये कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन. दोन एकेरी बंधांत ४ खर्च झाले, उरलेले १२ दोन ऑक्सिजनांना सहा-सहा दिले. शिल्लक शून्य. पण कार्बनभोवती फक्त ४ इलेक्ट्रॉन आहेत, त्याचे अष्टक, म्हणजे भोवतीचे आठ इलेक्ट्रॉन, अपुरे आहे. म्हणून दोन्ही बाजूंचे बंध दुहेरी करा. कार्बनवर एकही एकाकी (बंधात न गुंतलेली) जोडी राहत नाही.

सल्फर डायऑक्साइडमध्ये ६ + ६ + ६ = १८. तसेच ४ आणि १२ खर्च करा. इथे २ उरतात, ते मधल्या गंधकावर एकाकी जोडी म्हणून ठेवा. गंधकाचे अष्टक भरायला एक बंध दुहेरी करावा लागतो, आणि तो डावा की उजवा हे सारखेच असल्याने प्रत्यक्षात दोन्ही बंध एकसारखे असतात. पुढचा सगळा फरक या उरलेल्या दोन इलेक्ट्रॉनांमुळे पडतो. वहीत एकाकी जोडी काढायला विसरलात तर रेणू सरळ रेषेत बसतो आणि उत्तर चुकते.

आकार: इथे घाई करू नका

मधल्या अणूभोवती जितके इलेक्ट्रॉनांचे गट, ते एकमेकांपासून होता होईल तितके लांब सरकतात. दुहेरी बंध एकच गट धरायचा, एकाकी जोडीही एक गट. दोन गट असतील तर सरळ रेषा, तीन असतील तर सपाट त्रिकोण, चार असतील तर चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा घन आकार. खात्री करायची असेल तर सारख्या आकाराचे फुगे फुगवा आणि देठाशी एकत्र बांधा. दोन फुगे समोरासमोर जातात, तीन त्रिकोणात बसतात, चार आपोआप चतुष्फलक करतात. एखादा फुगा कमी फुगला असेल तर कोन बिघडतो. पण या बिघाडातूनही शिकायला मिळते, कारण खऱ्या रेणूत एकाकी जोडी हा मोठा फुगा असते आणि बाकीच्यांना दाबते. म्हणूनच पाण्याचा कोन १०९.५ न राहता १०४.५ अंश होतो आणि अमोनियाचा १०७.

आता प्रतिकृती. काळा वाटाणा कार्बन, पांढरा वाटाणा हायड्रोजन, हिरवा वाटाणा क्लोरिन. ऑक्सिजनसाठी पांढरे वाटाणे कोकमाच्या आगळात भिजवा, गंधकासाठी हळदीच्या पाण्यात. रात्री भिजवलेले वाटाणे सकाळी, म्हणजे आठ ते दहा तासांनी, वापरा. त्याहून जास्त वेळ ठेवले तर पावसाळी दमट हवेत मोड डोकावतात आणि वाटाणा दोन डाळींत फुटतो. कमी भिजले तर टोचताना तडकतात. वरचे पाणी पुसून तासभर सुपात पसरा.

बंधांसाठी माडाच्या झावळीचे हीर घ्या. नव्या खराट्यातले, सुकलेले, बुडखा आणि शेंडा सोडून मधल्या भागाचे. प्रत्येक तुकडा ४ सेंटिमीटरचा कापा आणि दोन्ही टोके सुरीने तिरकी तासा. बोथट टोक साल फाडते. तुकडा वाटाण्याच्या मध्याजवळ पोचेपर्यंत खुपसा. प्रतिकृती दोन दिवस सावलीत ठेवली की वाटाणा आक्रसतो आणि हीर घट्ट धरून बसतो. उन्हात ठेवलीत तर मात्र वाटाणे वेडेवाकडे सुकतात आणि कोन हलतात.

कोनमापक वाटाण्याला नीट लागत नाही, म्हणून कोन मोजूच नका. बाहेरच्या दोन वाटाण्यांच्या मध्यांतले अंतर पट्टीने मोजा. ४ सेंटिमीटरच्या हिरांसाठी आकडे असे: चतुष्फलकात कोणत्याही दोन टोकांमध्ये ६.५ सेंटिमीटर, आणि सहाही अंतरे सारखी यायला हवीत. पाण्यात ६.३, अमोनियात ६.४, सपाट त्रिकोणात ६.९, सरळ रेषेत ८. सल्फर डायऑक्साइडचा कोन ११९ अंश आहे, तिथेही ६.९ धरा.

एवढी खटपट कशासाठी, ते डायक्लोरोमिथेनवर कळते. वहीत मध्ये कार्बन आणि चार दिशांना चार रेघा काढल्या जातात. कोणी दोन क्लोरिन समोरासमोर लिहितो, बाण एकमेकांना खोडतात आणि उत्तर ‘अध्रुवीय’ येते. दुसरा तेच क्लोरिन शेजारी लिहितो आणि ‘ध्रुवीय’ म्हणतो. एकाच पदार्थाची दोन उत्तरे! आता काळा वाटाणा घ्या, दोन हिरवे आणि दोन पांढरे टोचा, सहाही अंतरे ६.५ वर आणा आणि प्रतिकृती हातात फिरवा. कुठूनही पाहिली तरी ‘समोर’ अशी जागाच सापडत नाही, प्रत्येक टोक बाकी तिन्ही टोकांच्या शेजारी आहे. दोन हिरवे कुठेही टोचले तरी रेणू तोच. तो ध्रुवीयच आहे, त्याचा द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे ध्रुवीयतेचे माप, १.६ डिबाय (या मापाचे एकक) भरतो. वहीतली फुली हा कागदाचा दोष आहे, रेणूचा नाही. शिक्षकांनी हा एक रेणू वर्गात हाताळायला दिला तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

बाण काढा आणि बेरीज करा

प्रत्येक ध्रुवीय बंधावर एक बाण. शेपूट कमी विद्युतऋणतेच्या अणूकडे, टोक जास्त असलेल्याकडे. शेपटाशी छोटी आडवी रेघ मारली की अधिकाचे चिन्ह दिसते आणि धन बाजू विसरत नाही. बाणाची लांबी फरकाच्या प्रमाणात ठेवा. मग जाळे ओढताना दोन टोकांना दोन माणसे असतात तसा विचार करा. दोघांनी उलट दिशांना सारखेच ओढले तर जाळे हलत नाही. तिरके ओढले तर ते दोघांच्या मधल्या दिशेने सरकते.

कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन बाण उलट दिशांना, बेरीज शून्य. बंध ध्रुवीय, रेणू अध्रुवीय. सल्फर डायऑक्साइडमध्ये दोन बाण तिरके, बेरीज १.६३ डिबाय. पाण्यात एका ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचा वाटा सुमारे १.५१ डिबाय धरा. दोन्ही बाणांचा मधल्या रेषेवरचा भाग घ्यायचा, म्हणजे २ × १.५१ × कोसाइन ५२.२५ अंश. उत्तर १.८५ येते, आणि पाण्याच्या वाफेवर मोजलेला आकडाही तोच आहे. पाण्याचा रेणू सरळ असता तर हाच हिशेब शून्यावर आला असता. मग पाण्याने मीठही विरघळवले नसते.

कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये चार सारखे बाण चतुष्फलकाच्या चार टोकांकडे, बेरीज शून्य. एक क्लोरिन काढून तिथे हायड्रोजन बसवला की क्लोरोफॉर्म होतो, आणि शिल्लक राहते.

‘सममित म्हणजे अध्रुवीय’ या सूत्रावर विसंबू नका. पाण्याचा रेणूही मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू जुळतात, तरी तो ध्रुवीय आहे. सगळे बाण खोडले जातात का, एवढेच विचारायचे.

बाण बंधांवरच संपत नाहीत. एकाकी जोडी हीही मधल्या अणूपासून बाहेर रोखलेला बाण आहे. अमोनियात तिचा बाण आणि तीन बंधांचे बाण एकाच अंगाला जातात, म्हणून १.४७ डिबाय मिळतात. नायट्रोजन ट्रायफ्लोराइडमध्ये फ्लोरिन इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतो, बंधांचे बाण जोडीच्या उलट दिशेला वळतात, आणि बंध चांगले ध्रुवीय असूनही हाती फक्त ०.२३ उरतात. फॉस्फिनमध्ये दोन अणूंच्या विद्युतऋणतेतला फरक जेमतेम ०.०१, तरी रेणू ०.५७ डिबायचा, मुख्यतः एकाकी जोडीमुळे. ओझोनमध्ये तर तिन्ही अणू ऑक्सिजनचेच, फरक शून्य. तरी रेणू वाकलेला आहे, मधल्या अणूवर एकाकी जोडी आहे आणि मधला अणू कडेच्यांपेक्षा धन आहे, म्हणून ०.५३ डिबाय. ‘सारखे अणू म्हणजे अध्रुवीय’ हे वाक्य दोन अणूंच्या रेणूंपुरतेच खरे.

घरातली पडताळणी

झाकणाच्या पारदर्शक बाटल्या घ्या, १०० मिलिलिटरच्या. पहिल्या दोन बाटल्यांत प्रत्येकी ३० मिलिलिटर पाणी आणि ३० मिलिलिटर खोबरेल. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते, म्हणून थंडीतल्या सकाळी बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा. थिजलेल्या तेलात काही विरघळले नाही म्हणून निष्कर्ष काढू नका.

पहिल्या बाटलीत पाव चमचा हळद घाला, वीसेक वेळा हलवा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. वरचा तेलाचा थर पिवळा होतो, भुकटी तळाशी बसते. हळदीतल्या करक्युमिनमध्ये ऑक्सिजन आहेत, पण कार्बनी सांगाडा मोठा, म्हणून तो पाण्यात जवळपास विरघळत नाही. दुसऱ्या बाटलीत तेल घालण्याआधी दोन आमसुले पाण्यात दहा मिनिटे भिजवून काढून घ्या, मग तेल ओता आणि हलवा. लाली पाण्यातच राहते. कोकमातल्या अँथोसायनिन रंगांना साखरेचे तुकडे जोडलेले असतात आणि त्यांवर ऑक्सिजन-हायड्रोजनचे कितीतरी गट असतात, जे पाण्याशी हायड्रोजन बंध (एका रेणूतल्या धन हायड्रोजनची दुसऱ्यातल्या ऋण अणूकडची ओढ) जोडतात. तिसऱ्या बाटलीत पाणी न घालता नुसत्या तेलात मिठाची चिमूट टाका. कितीही हलवा, खडे तळाशी तसेच दिसतील. बाटली मात्र आधी पूर्ण कोरडी हवी, पाण्याचा एक थेंब राहिला तरी मीठ त्यात जाऊन बसते.

कापूर घेऊन पाहा. साधारण एक ग्रॅमचा तुकडा ३० मिलिलिटर कोमट खोबरेलात सहज विरतो, पाण्यावर मात्र नुसता फिरत राहतो. त्याच्या रेणूत एक कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध आहे, म्हणजे तो ध्रुवीय आहे. पण तो एक गट आणि बाकी नऊ कार्बन अशी विभागणी असल्याने पाण्याशी त्याचे जमत नाही. ध्रुवीय असणे आणि पाण्यात विरघळणे एकच नव्हे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. किनाऱ्यावर पडलेल्या तिसऱ्यांच्या शिंपा कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात, म्हणजे आयनिक, तरी वर्षानुवर्षे समुद्राच्या पाण्यात टिकतात. तिथे दोन्ही आयनांवर दुप्पट भार असतो आणि त्यांची आपापसातली ओढ पाण्याच्या ओढीला भारी पडते. आणखी एक: तेल पाण्यावर तरंगते ते घनता कमी म्हणून. ते पाण्यात मिसळत नाही, हे अध्रुवीयतेमुळे. दोन प्रश्न वेगळे ठेवा.

कंगव्याचा प्रयोग जपून

नळाची बारीक धार आणि घासलेला प्लॅस्टिकचा कंगवा: धार कंगव्याकडे वळते आणि ‘पाणी ध्रुवीय आहे’ असे फळ्यावर लिहिले जाते. धार वळते हे खरे, पण कारण दुसरे आहे. ध्रुवीय रेणूचे एक टोक ओढले जाते तेव्हा दुसरे ढकलले जाते, आणि उरणारी निव्वळ ओढ इतकी धार वळवायला पुरत नाही. कंगव्याच्या जवळ आल्याने धारेतच विरुद्ध भार जमतो, पाण्यातले आयन तो वाहून आणतात, आणि त्या भारामुळे धार वळते. प्रयोग जरूर करा, पण ध्रुवीयतेचा पुरावा म्हणून नको. पावसाळ्यात तो बहुधा फसतो, कारण दमट हवेत कंगव्यावरचा भार टिकत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत, दुपारी, तेल न लावलेल्या कोरड्या केसांवर कंगवा घासा आणि धार दोरीइतकी बारीक ठेवा.

बंध बदलला की वासही जातो: बांगडा आणि आमसूल

ताज्या समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असते. ते फार ध्रुवीय, पाण्यात राहणारे, बिनवासाचे. मासा पडून राहिला की जिवाणू त्याचा ऑक्सिजन काढतात आणि ट्रायमिथाइलअमाइन उरते. त्याचा आकार अमोनियासारखाच पिरॅमिडचा, पण हायड्रोजनच्या जागी तीन मिथाइल गट, आणि आघूर्ण ०.६ डिबायच्या आसपास. नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन नसल्याने त्याचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडू शकत नाहीत. म्हणून तो ३ अंशांनाच उकळतो, थेट हवेत सुटतो आणि नाकाला कळतो.

माशाच्या तिखल्यात (तिखट कालवणात) आमसूल पडले की त्यातले हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल नायट्रोजनच्या एकाकी जोडीला एक प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन) देते. आता तो रेणू उरला नाही, धन आयन झाला. आयनाला पाणी चारी बाजूंनी धरून ठेवते आणि तो हवेत उडत नाही. वास दबतो तो याच कारणाने. लिंबू किंवा चिंच हेच काम करते, आणि कापलेला बांगडा मीठ-आमसुलाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून धुण्यामागेही हेच आहे. हाताला राहिलेला वास घालवतानाही आधी लिंबाची फोड चोळा, मग साबण लावा. साबण अल्कधर्मी असतो, तो आधी लावला तर आयनाचा प्रोटॉन परत काढून घेतो आणि वास मोकळा होतो.

काजूच्या बीच्या टरफलातला चीक मात्र पाण्याने जात नाही. त्यातल्या अॅनाकार्डिक आम्लाचे डोके ध्रुवीय आहे, पण शेपूट पंधरा कार्बनांचे, आणि वागणे त्या शेपटाप्रमाणे. म्हणून बिया फोडणारे हाताला आधीच खोबरेल चोळतात. चीक लागलाच तर पाणी ओतू नका, त्याने तो फक्त पसरतो. आधी कापसावर खोबरेल घेऊन टिपून काढा, कापूस दर वेळी नवा घ्या, आणि त्यानंतर साबणाने धुवा. साबणाच्या रेणूलाही एक आयनिक डोके आणि एक लांब अध्रुवीय शेपूट असते. शेपटे तेलात घुसतात, डोकी पाण्याकडे राहतात, आणि चीक उतरवलेले तेल थेंबाथेंबाने पाण्याबरोबर निघून जाते.